निवास-भोजन मोफत

आता सांगतोच, पण आधी चहा मागवा. रस नको. माझ्यासमोर उसाच्या रसाचं नावही काढू नका. का ते कळेल. आणि ऐकून झाल्यावर "तुलाच अक्कल नव्हती" असं म्हणू नका, कारण ते मीच आधी कबूल करतोय. मला अक्कल नव्हतीच. पण पेठेत ज्यांना अक्कल आहे असं सगळे मानतात, त्या मोठ्या माणसांनी त्या उन्हाळ्यात काय दिवे लावले तेही बघा, मग बोला.

मी स्वभावानं संशयी. हे उगाच आलेलं नाही. आमच्या घरात कुणी कुणाला काही सांगतच नाही. पाचवीत असताना माझे टॉन्सिल काढले, तेव्हा मला "चल, आइस्क्रीम खायला जाऊया" म्हणून नेलं होतं. आइस्क्रीम मिळालं. पण आधी टॉन्सिल गेले. त्या दिवसापासून कुणी गोड बोललं की माझा हात आपोआप गळ्याकडं जातो.

आमची मंगळवार पेठेत रसवंती. तालमीच्या कोपऱ्यावर, हिरवं कापड लावलेली. चरकाला घुंगरं बांधलेली, ती दिवसभर छनछन करतात. सातवीपासून माझा प्रत्येक उन्हाळा त्या छनछनाटात गेला. पोरं सुट्टीला मामाच्या गावाला, मी चरकापाशी. आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचं म्हणणं, "सीझन हाय, पोरगं घरचं हाय, मग गडी कशाला?" झालं! विषय संपला.

अकरावीत असताना कॉलेजच्या फळ्यावर एक कागद लागला. पुण्याच्या एका विज्ञान संस्थेचं उन्हाळी शिबिर. मे महिन्यात चार आठवडे. प्रयोगशाळेत स्वतः प्रयोग करायचे. गरजू विद्यार्थ्यांना प्राधान्य. आणि खाली ठळक अक्षरात, 'निवास-भोजन मोफत, शिवाय प्रवासखर्च.'

मोफत म्हटल्यावर मला काय वाटलं असेल? बरोबर. फसवणूक!

खाली फोन नंबर होता. खात्री करायला मी तीन वेळा फोन केला. पहिल्यांदा "मी संग्रामचा पालक बोलतोय" म्हणून. दुसऱ्यांदा कॉलेजचा प्राध्यापक म्हणून. तिसऱ्यांदा बाईचा आवाज काढून. तीनही वेळा पलीकडं एकच बाई. तिसऱ्या वेळी सगळं शांतपणे ऐकून ती म्हणाली, "संग्राम, शेवटची तारीख शुक्रवार आहे हं."

मी फोन असा टाकला, जसा काही तो चावला.

पण खरं सांगू? मला जायचं होतं. नुसतं चरकापासून पळायला नव्हे. मला एक गोष्ट छळत होती. उसाचा रस काढला की हिरवट-पिवळा असतो. अर्धा तास ठेवा, काळपट पडतो. का? लिंबू पिळलं की बराच वेळ तसाच राहतो. का? मी काउंटरखाली तीन ग्लास लपवून ठेवायचो. एक साधा, एक लिंबाचा, एक आल्याचा. दर दहा मिनिटांनी बघून वहीच्या मागच्या पानावर वेळ लिहायचो. कॉलेजात सरांना विचारलं तर सर म्हणाले, "परीक्षेत येणार हाय का? मग बस खाली." आण्णांना विचारलं तर म्हणाले, "गिऱ्हाइकाम्होरं बोलू नगंस." एवढं संशोधनाला प्रोत्साहन!

फॉर्मात निबंध होता. मी दोन पानं हेच लिहिलं. ग्लास, लिंबू, वेळा, सगळं. आणि इथंच माती खाल्ली. ते चौगुले सरांना दाखवायला गेलो.

चौगुले सर म्हणजे आमच्या गल्लीतले क्लासवाले. पोरं परदेशात पाठवली असं स्वतःच सांगत फिरायचे. कुठली पोरं, ते कुणी बघितलं नाही. त्यांनी माझा निबंध वाचला आणि त्याच्या चार फोडी केल्या.

"रस काळा पडतोय त्याला मी काय करू?" सर म्हणाले. "अरे येड्या, गरजूला प्राधान्य लिवलंय की न्हाई? तुझं डोकं कुणाला बघायचंय? दुःख लिही. वडिलांना काय झालंय?"

"काय न्हाई. ठणठणीत हाईत. सकाळी तालमीत जात्यात."

"जात न्हाईत! लिही. वडिलांचा पाय चरकात गेला. तवापासनं लंगडत्यात."

"सर, चरकात पाय कसा जाईल? गेला तर हात जातोय."

"हात नगं. हात दिसतोय. पाय पँटीत असतोय!"

बघा, हे आमचे मार्गदर्शक. मग आईला मोतीबिंदू झाला. घराचं छप्पर उडालं. बहीण?

"ताईचं लग्नाचं बघाय लागल्यात," मी म्हणालो.

"जमत न्हाई! परिस्थितीमुळं नऊ स्थळं परत गेली. नऊ लिही. धा लिवलं की खोटं वाटतंय."

मी लिहिलं. हो, मीच लिहिलं, हात माझाच होता. आणि अक्षरही छान काढलं.

पालकाची सही आण्णांनी चरक चालू असताना केली, कागदाकडं न बघता. कशाची सही हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "मे महिन्यात? सीझनला?" म्हणून फॉर्म चरकातनं काढला असता.

फॉर्मच्या शेवटी एक ओळ होती. 'संस्थेचे प्रतिनिधी पूर्वसूचना न देता भेट देऊन माहितीची खातरजमा करतील.'

झालं! मला सांगा, संशयी माणसाला याहून मोठं काम काय पाहिजे?

त्या दिवसापासून प्रत्येक अनोळखी माणूस मला प्रतिनिधी दिसायला लागला. मीटरचं रीडिंग घ्यायला माणूस आला. डोळे आमच्याकडं, हातात यंत्र! मी त्याला बाजूला घेऊन आण्णांच्या पायाची कथा सांगितली. त्याला भरून आलं. दोन ग्लास रस फुकट पिऊन गेला आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आला, "आता पाय कसा हाय?" विचारत. एक जण नुसता पत्ता विचारायला थांबला होता, त्याला मोतीबिंदू सांगितला. त्यानं आपल्या डॉक्टरचा पत्ता दिला.

आणि मग एप्रिलमध्ये, एका टळटळीत दुपारी, ते दोघं आले.

एक जाडजूड, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. दुसरा किडकिडीत, चष्मा, हातात छोटी डायरी. गाडी लांब उभी करून चालत आलेले. मी मनात म्हटलं, संग्या, गाडी लांब का उभी केली? लपवायला! रस मागितला, पण नजर ग्लासात नाही. नजर भिंतीवर, छपरावर, आतल्या दारावर. शेवटी जाडा म्हणाला,

"हे आनंदरावांचंच न्हवं?"

"व्हय. मी मुलगा त्यांचा."

"बरं, बरं. घरी कोन कोन असतंय?"

फॉर्मातला प्रश्न चौथा! कुटुंबातील सदस्य! मी ग्लास पुसता पुसता बारीक आवाजात म्हणालो, "आण्णा, आई, ताई आणि मी. शेजारी चुलते. खाणारी तोंडं लई, पावणं."

"घर सोताचं का?"

"सोताचं हाय, पण छप्पर न्हाई."

"छप्पर न्हाई?"

"वळवात उडालं. तवापासनं आम्ही चांदण्या मोजत झोपतोय." हे निबंधात नव्हतं. तोंडाला आलं ते बोललो.

चष्म्यानं डायरी उघडली. मला आणखी चेव आला. आईचे डोळे सांगितले. ती मला हातानं चाचपून ओळखते, असं सांगितलं. जाड्यानं रसाचा ग्लास खाली ठेवला.

"आनि वडलांची तब्येत?"

"पाय गेला चरकात. लंगडत्यात."

आणि नेमकं तेव्हाच मागच्या दारातून आण्णा आले. खांद्यावर उसाची अख्खी मोळी! दोन्ही पाय असे टाकत, जसे मैदानात कुस्तीला उतरलेत!

आता तुम्ही काय केलं असतं? मी विचार केला नाही. पायानं रिकामं क्रेट आण्णांच्या वाटेत सरकवलं. आण्णांचा पाय अडकला, मोळी घसरली आणि त्यांच्या त्याच पायाच्या अंगठ्यावर आली. आण्णांनी जी आरोळी ठोकली, ती तालमीपर्यंत गेली. मग एका पायावर नाचत, शिव्या देत आत गेले.

"रोजचं हाय," मी डोळे पुसत म्हणालो. "दुपारी जास्त दुखतंय."

मग जाड्यानं हळूच विचारलं, "आनि... बहिणीचं?"

"ताईचं काय सांगायचं, पावणं! नऊ स्थळं आली, नऊच्या नऊ परत गेली."

"नऊ?"

"नऊ! धावं येईल आसं वाटत न्हाई."

चष्म्यानं डायरी मिटली. उठताना जाड्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पोरा, तू लई खरं बोलतोस."

मी हवेत! निवड झाली, मी मनात बॅग भरली. कुठला शर्ट न्यायचा तेही ठरवलं.

दिवेलागणीला बापूकाका आले. बापूकाका म्हणजे आण्णांचे थोरले भाऊ. दिवसभर तालमीच्या कट्ट्यावर बसतात आणि सगळ्या पेठेचे निर्णय घेतात. स्वतःच्या घरचा एक निर्णय कधी घेतला नाही. आल्या आल्या ओरडले, "आन्या, कबनूरचं पावणं येऊन गेलं की! मला कट्ट्यावर कळलं. काय म्हनत हुतं?"

"कुठलं पावणं?" आण्णांनी विचारलं. पाय बादलीत बुडवून बसले होते.

"अरं, अश्विनीला स्थळ काढलंय न्हवं मी! पावरलूमवाली मानसं. मुलाचा मामा आनि चुलता. आधी गुपचूप दुकानात जाऊन रस पिऊन घराची चौकशी करतो म्हनालं हुतं. एक जाडा, एक चष्मा."

घरातले सगळे हळूहळू माझ्याकडं वळले.

मला सांगा, हे स्थळ काढलंय हे मला कुणी सांगितलं होतं? "जमल्याशिवाय बोलायचं न्हाई." हे आमच्या घरचं धोरण! आणि मी फॉर्मचं कुणाला सांगितलं होतं? नाही. म्हणजे एका घरात दोन गुपितं, आणि दोन्ही एकाच दुपारी रस प्यायला आली!

मी सगळं ओकलो. फॉर्म, निबंध, पाय, छप्पर, मोतीबिंदू. आईनं लाटणं उचललं. "मी चाचपून वळखतो व्हय रं तुला? ये, वळखून दावतो!" आणि नेम धरून असं हाणलं, की नजरेचा प्रश्नच मिटला.

बापूकाकांना वेगळाच राग. "फुकट ऱ्हायाला, फुकट खायाला? किडन्या काढून घेत्यात पुण्यात! आनि त्येच्यापायी तू पोरीचं स्थळ घालवलंस?"

ताई मात्र ओरडली नाही. ती दारात उभी होती. म्हणाली, "नऊ? अरे, दोनच आलती मला." आणि मग भांडी घासता घासता, माझ्याकडं न बघता, "फोटो बघितला हुता मी. बरा वाटला हुता मुलगा."

झोपताना तेवढंच कानात वाजत राहिलं. आईचं लाटणं परवडलं.

दुसऱ्या दिवशी बापूकाकांनी फर्मान काढलं. "आजून हातातनं गेलं न्हाई. पुरुष मानसं येऊन गेली, आता बाईमानूस येनार. मुलाची आत्या नेसरीत दिलीया. ती येनारच. कुनीबी बाई चौकशीला आली, की घराण्याची शान सांगायची. कळलं? आन्या, तू लंगडायचं न्हाई!"

"अरं, पन खरंच दुखतंय!"

"दुखू दे. पोरगी तुजी हाय."

आणि मी मनाशी ठरवलं. शिबिर गेलं खड्ड्यात. ताईचं मोडू द्यायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्यासाठी काहीतरी करायला निघालो होतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढं माझ्या बाजूनं बोलायला एवढंच आहे.

चार दिवसांनी ती आली. साधी सुती साडी, खांद्यावर कापडी पिशवी, पायात झिजलेली चप्पल. बाकड्यावर बसली, रस मागितला, बर्फ नको म्हणाली. मी लगेच ओळखलं. नेसरीची आत्या! आवाज कुठंतरी ऐकल्यासारखा वाटला, पण म्हटलं, बायकांचे आवाज सारखेच असतात. बघा हां, तीन वेळा त्याच आवाजाशी फोनवर बोललेला माणूस हा!

"तुमचंच का हे दुकान?" ती म्हणाली.

"दुकान कसलं, हौस हाय आमची," मी पाय पसरून म्हणालो. "शेती बारा एकर. ऊस घरचा. आण्णा म्हणाले, एवढ्या उसाचं करायचं काय? म्हणून रसवंती."

"हो का? आणि घर?"

"तीन मजली. वरच्या मजल्यावर तर कुणी जातबी न्हाई. एसी लावून ठेवलाय, तसाच."

तिनं कपाळावरचा घाम पुसला. "वडिलांना काही त्रास आहे म्हणे?"

म्हणे! म्हणजे मामानं जाऊन सांगितलं. मी उसळलो. "कुणी सांगितलं? जळत्यात लोकं! आण्णा! ओ आण्णा!"

आण्णा आतून आले. अंगठा काळानिळा झालेला, पण पोरीचा प्रश्न! छाती काढून, दात खाऊन चालत आले. बाईंसमोर उभे राहिले आणि कुणी काही विचारायच्या आत बैठका मारायला लागले. एक, दोन, तीन! दहाव्याला डोळ्यात पाणी होतं, पण थांबले वीसवर.

तेवढ्यात बापूकाकाही कट्ट्यावरून पळत आले. समोर कुणाचीतरी पांढरी गाडी लावलेली होती, तिच्या टपावर थाप मारून म्हणाले, "ही आमचीच." गाडीचा अलार्म केकाटायला लागला. बापूकाकांनी खिशात किल्ली शोधायचं नाटक केलं आणि तशीच खिशात हात घालून निघून गेले.

बाई हसल्या. आता मी सुद्धा थोडा हसलो. सगळं जमत आलं होतं. मग त्यांनी ग्लास उजेडात धरला. अर्धा रस उरला होता. आणि अगदी सहज, ग्लासाकडं बघत त्या म्हणाल्या,

"हा थोड्या वेळानं काळा का पडतो रे?"

ऐकलंत? हा प्रश्न! ज्या प्रश्नासाठी मी काउंटरखाली तीन ग्लास लपवून ठेवायचो, जो ऐकून मोठ्यांनी मला खाली बसवलं होतं, तो प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी स्वतःहून मला विचारला. आणि मला काय वाटलं? आत्या खोट काढतेय! रस शिळा आहे म्हणतेय!

"आमचा रस काळा पडत न्हाई!" मी ताडकन म्हणालो. "दुसऱ्याचा पडत असंल!"

"कधीच नाही?"

"कदीच न्हाई!"

"तू कधी ठेवून बघितलास?"

"आम्हाला काय दुसरी कामं न्हाईत व्हय?"

त्या क्षणी काउंटरखाली तीन ग्लास होते. तिन्ही वेगवेगळ्या रंगाचे.

"आणि सुट्टीत काय करणार?"

"फिरणार. आम्हाला कुणाचं फुकटचं नको!"

बाईंनी रस संपवला. कापडी पिशवीतून एक कागद काढला. छान अक्षर होतं. कुणाचं ते मी ओळखलं, माझंच होतं.

"हा निबंध वाचून मी रडले होते, संग्राम," त्या म्हणाल्या. आणि तेव्हा, आत्ता, इतक्या उशिरा, मला तो आवाज आठवला. शेवटची तारीख शुक्रवार आहे हं.

"मॅडम," मी म्हणालो. "मॅडम, आण्णा लंगडत्यात! खरंच लंगडत्यात! आण्णा, दाखवा!"

आण्णांना काहीच कळलं नाही. त्यांनी परत बैठका सुरू केल्या.

"मॅडम, तीन ग्लास..." म्हणून मी खाली वाकलो. घाईत कोपर लागलं. तिन्ही पडले, आणि साधा, लिंबाचा, आल्याचा, सगळं संशोधन एकाच मोरीतनं वाहून गेलं.

बाई रागावल्या नाहीत. तेच वाईट. उठता उठता म्हणाल्या, "मला पायाचं काही नव्हतं रे. निबंधात रसवंती वाचली आणि मला वाटलं, रोज रस बघणाऱ्या पोराला हा प्रश्न पडला असेल. एवढंच बघायला आले होते." आणि रसाचे पैसे काउंटरवर ठेवून उन्हात चालत गेल्या.

अजून थांबा, संपलं नाही. संपलं असतं तर मी इथं हे सांगत बसलो असतो का?

त्याच आठवड्यात कबनूरहून बापूकाकांना मामाचा फोन आला. स्पीकरवर सगळ्यांनी ऐकला. "आम्ही लई घरं फिरलो. ज्यो त्यो म्हनतोय, आमचं लई चांगलं, आमचं लई चांगलं. पैल्यांदा एक पोरगं भेटलं, ज्यानं घरचं समदं खरं सांगितलं. आसं सच्चं घर आम्हाला सोडायचं न्हाई. मुलगी पसंत हाय!"

फोन ठेवून बापूकाका म्हणाले, "बघितलंस? मी काढलेलं स्थळ हाय!" माझं नाव नाही. कुणाचंच नाही.

ताई खूश झाली आणि खरं सांगायचं तर मीही झालो. पण लग्नात काय करायचं? आण्णांना लंगडायला लागलं! आईला काळा चष्मा घालून मांडवात हाताला धरून फिरवली. छपराचं 'नुकतंच घातलं' म्हणून निभावलं. आणि आजपर्यंत तेच चालू आहे. आण्णा कबनूरला गेले की गावाच्या वेशीपासून लंगडायला लागतात. साखरपुड्यात डावा पाय होता, लग्नात उजवा. भाचा झाला तेव्हा बारशाला दोन्ही. ताईची सासू इतकी भली बाई, की दर महिन्याला गुडघ्याला लावायला तेल पाठवते. आण्णा तालमीत अंगाला चोळतात.

आणि मी? बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं. तिथं प्रयोग करायचा नसतो, आदल्या वर्षीच्या वहीतून उतरवायचा असतो. मी भांडलो. प्राध्यापक म्हणाले, "बस खाली." मी बसलो नाही, बाहेर गेलो. घरात बोंब झाली. चौगुले सर आण्णांना येऊन म्हणाले, "मी आधीच सांगितलेलं, पोरगं कामाचं न्हाई."

तेवढ्यात दाजींचा फोन. "संग्राम, तुमच्या घरची परिस्थिती मला पैल्या दिवसापासनं ठाऊक हाय. लाजू नगंस. ये कबनूरला, मागांवर लावतो तुला."

बारा एकर हाय म्हणून सांगू? गेलो.

चार आठवड्यांचं ते शिबिर हुकलं. कबनूरला मला आता तिसरं वर्ष लागलंय. दाजींच्या घरीच राहतो, ताईच्या हातचं जेवतो, घरी यायचं झालं की दाजी तिकिटाचे पैसे हातावर ठेवतात. निवास-भोजन मोफत, शिवाय प्रवासखर्च.

निबंध चांगलाच झाला होता, पावणं.